कशानं झालं, हे केसपेपरवर आहे का? बुबुळाचे आजार, त्यांचे कोड आणि अडकणारी बिलं

डोळ्यांच्या दवाखान्यातून सुट्टी होताना जे डिस्चार्ज कार्ड हातात पडतं, त्यावर निदानाच्या ओळीशेजारी एच १६.० किंवा एच १८.६ असं काहीतरी छापलेलं असतं. बहुतेकांचं तिकडे लक्षच जात नाही. थेंब किती वेळा टाकायचे, डोक्यावरून पाणी कधी घ्यायचं, परत कधी यायचं, एवढं विचारून माणूस एसटी गाठतो. आणि महिन्याभरानं फोन येतो की क्लेम नामंजूर झाला.

विमा कंपनी, सरकारी आरोग्य योजनेचं कार्यालय, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा), कृषी खातं, यांतलं कोणीच तुमचा डोळा बघत नाही. त्यांच्यापुढे जातो तो हा कोड आणि त्याच्या मागचे कागद. मी लातुरात डोळ्यांच्या एका दवाखान्यात विम्याच्या टेबलावर बसते. त्याआधी हैदराबादला अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं कोड करायचं काम केलं. या दोन्ही ठिकाणी पाहिलेलं, आणि आपल्या मराठवाड्यात उपयोगी पडेल असं, इथे लिहिते आहे.

आधी कोड म्हणजे काय ते. जागतिक आरोग्य संघटना आजारांची एक भलीमोठी वर्गवारी चालवते, तिला कामाच्या भाषेत आयसीडी म्हणतात. तिची सुरुवात मृत्यूच्या कारणांच्या यादीतून झाली. जाक बर्तियाँ या फ्रेंच सांख्यिकीतज्ज्ञानं ती १८९३ मध्ये मांडली. १९४८ मध्ये सहाव्या आवृत्तीच्या वेळी ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि जिवंत माणसांच्या आजारांनाही त्यात जागा मिळाली. आपल्याकडे क्लेमच्या कागदांवर सध्या चालते ती दहावी आवृत्ती. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे, पण विम्याच्या फॉर्मवर अजून ‘आयसीडी १०’ असंच छापलेलं आहे, म्हणून इथे दहावीचंच सांगते.

गावात एकाच जमिनीला कोणी चिंचेचं वावर म्हणतं, कोणी खालची पट्टी म्हणतं. सातबाऱ्यावर मात्र गट नंबर एकच असतो. आजाराचा कोड हा असा गट नंबर आहे. तुम्ही म्हणता डोळ्यात फूल पडलं, एक डॉक्टर लिहितात ओपॅसिटी, दुसरे लिहितात ल्युकोमा. कोड बघणाऱ्याला या तिन्ही गोष्टी एच १७ च्या रकान्यात दिसतात.

डोळ्यांचे कोड ‘एच’ या अक्षरानं सुरू होतात, एच ०० पासून एच ५९ पर्यंत. आपल्याला हवा आहे कॉर्निया, म्हणजे रोजच्या बोलण्यात ज्याला आपण बुबुळच म्हणतो तो समोरचा पारदर्शक पडदा. मधोमध त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तो पारदर्शक राहतो. आणि त्यामुळेच तिथली खोल जखम भरायला वेळ लागतो, भरल्यावर ती पांढरा डाग मागे ठेवते. याच्यासाठी मुख्य तीन घरं आहेत. एच १६ मध्ये सध्या चालू असलेली सूज आणि जखम, म्हणजे केराटायटिस. त्यातला एच १६.० म्हणजे कॉर्नियल अल्सर, बुबुळावरचा व्रण. एच १७ मध्ये व्रण भरून मागे राहिलेले डाग. एच १८ मध्ये उरलेलं बरंच काही: पडद्याला पाणी सुटून फोड येणं (एच १८.१), पिढीजात आजार (एच १८.५), पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येणं म्हणजे केराटोकोनस (एच १८.६).

नाकाच्या बाजूनं बुबुळावर चढणारा मांसाचा पापुद्रा, टेरिजियम, दिसतो बुबुळावर पण त्याचा कोड एच ११.०, कारण तो मुळात पांढऱ्या भागावरच्या आवरणाचा आजार. लहान मुलात अ जीवनसत्त्वाच्या अभावानं बुबुळ कोरडं पडून व्रण झाला तर कोड ‘एच’ मध्ये सापडतच नाही, तो ई ५०.३, कुपोषणाच्या घरात. नागिणीच्या भाऊबंदांपैकी हर्पिस विषाणूनं बुबुळ धरलं तर दोन कोड जोडीनं लागतात: बी ००.५ मूळ कारणाचा आणि एच १९.१ डोळ्यातल्या परिणामाचा. कोड देणारा नवखा असेल तर इथे हमखास अडखळतो.

आणि इजा? त्यांचं घर पार वेगळं. बुबुळाला ओरखडा गेला तर एस ०५.०. बुबुळात कण रुतून बसला तर टी १५.०. चुना, ॲसिड, बॅटरीचं पाणी यांनी पडदा जळाला तर टी २६.६.

सगळी भानगड इथूनच सुरू होते. ‘एच’ म्हणजे आजार. ‘एस’ किंवा ‘टी’ म्हणजे इजा, म्हणजे बहुतेक वेळा अपघात. एकाच लाल, ठणकणाऱ्या डोळ्याला दोन्हींपैकी कोणताही कोड लागू शकतो, आणि कोणता लागणार हे ठरतं पहिल्या दिवशी केसपेपरवर काय लिहिलं गेलं त्यावरून.

ऑक्टोबरात सोयाबीनच्या मळण्या सुरू झाल्या की आमच्याकडे डोळ्यांची रांग वाढते. मळणी यंत्रातून भुसकट उडतं, धूळ उडते, शेंगेचं टोक डोळ्यात जातं. उसाच्या फडात पातं लागतं. बाई चार दिवस घरचे उपाय करते, मग गावातल्या मेडिकलवरून थेंब आणते, आणि अगदीच उजेड सोसेना झाला की तालुक्याला येते. बाहेर डोळे तपासायच्या आधी नोंद करणारी मुलगी विचारते, “काय झालं मावशी?” मावशी सांगते, “काय नाही माय, डोळा आलाय. लई ठणकायलाय.” मुलगी लिहिते: उजवा डोळा, लाली, पाणी, चार दिवस. डॉक्टर स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, बघतात, व्रण दिसतो, निदान लिहितात कॉर्नियल अल्सर. कोड एच १६.०. वैद्यकीयदृष्ट्या यात एकही अक्षर चूक नाही. पण भुसकट कुठेच नाही. मळणी नाही, तारीख नाही, यंत्र नाही.

आता हाच केसपेपर दुसऱ्या तऱ्हेनं लिहून बघा: ‘चार दिवसांपूर्वी शेतात सोयाबीनची मळणी करताना उजव्या डोळ्यात भुसकट गेलं, त्यानंतर लाली आणि वेदना.’ मुख्य निदान अल्सरच राहील, एच १६.० च राहील, पण सोबत इजेचा कोड जोडता येतो आणि बाह्य कारणाचाही. हो, कारणालाही कोड असतात. शेतीच्या यंत्रानं झालेली इजा डब्ल्यू ३०, काटा किंवा धारदार पातं लागणं डब्ल्यू ६०, डोळ्यात बाहेरचा कण जाणं डब्ल्यू ४४. त्यापुढे जागेचाही आकडा लावता येतो: ६ म्हणजे कारखाना किंवा बांधकाम, ७ म्हणजे शेत. आपल्याकडे कारणाचे कोड फारसं कोणी भरत नाही. भरले नाहीत तरी चालतं, पण वाक्य मात्र लिहिलेलं लागतं. कोड नंतर कधीही लावता येतो, चौथ्या दिवसाचा इतिहास दोन महिन्यांनी लिहिता येत नाही.

असा व्रण बऱ्याचदा बुरशीचा निघतो, कारण झाडापाल्यातून ॲस्परजिलस किंवा फ्युजेरियम जातीची बुरशी जखमेत शिरते. व्रण हलक्या हातानं खरवडून काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बुरशी दिसली की नॅटामायसिनचे थेंब सुरू होतात. मेडिकलवाल्यानं आधीच स्टिरॉइडचे थेंब दिलेले असले तर बुरशी तोवर आत खोलवर गेलेली असते. दिसायला लाली कमी झालेली, रुग्ण खूश, आणि आत पडदा सडत चाललेला. औषधाच्या दुकानावर डोळा दाखवू नका, हे मी बिलाच्या टेबलावरून रोज सांगते, ऐकणारे मोजकेच. त्या खरवडण्याचा प्रयोगशाळेचा रिपोर्ट जपून ठेवा. ‘अल्सर’ इतकंच लिहिलेल्या फाइलपेक्षा ‘बुरशीचा अल्सर, रिपोर्ट सोबत’ अशी फाइल तपासणाऱ्याला पटकन उमगते. दोन आठवडे भरती का ठेवलं हा प्रश्नच मग उरत नाही.

पुढे त्याच डोळ्याचा कोड बदलत जातो. व्रण भरला, मधोमध डाग राहिला: एच १७.१. व्रण फुटून आतली आयरिस, म्हणजे बुबुळामागचा रंगीत पडदा, त्याला चिकटली: एच १७.०. वर्षानं कुणाच्या तरी नेत्रदानातून नवं बुबुळ बसवलं: त्यानंतरच्या तपासण्यांना झेड ९४.७, म्हणजे ‘बुबुळ प्रत्यारोपण झालेलं आहे’. शरीरानं ते नाकारलं तर टी ८६.८. म्हणून जुन्या कार्डावरचा कोड नव्या क्लेमला चिकटवला की घोळ होतो. डाग पडल्यावर वर्षभरानंही फॉर्मवर अल्सरच लिहिलेला असेल, तर समोरचा विचारणारच की चालू अल्सरवर तुम्ही प्रत्यारोपण केलं कसं? (करतात, जीव वाचवायला नाही तर डोळा वाचवायला, पण ती वेगळी शस्त्रक्रिया, वेगळं कारण, आणि तसं लिहावं लागतं.)

आता पैशांकडे येऊ. इजा की आजार, यानं काय बिघडतं?

खासगी आरोग्यविमा नवा घेतला असेल तर पहिले ३० दिवस आजारांवरचा खर्च मिळत नाही. ही अट विमा नियामकानं सगळ्या कंपन्यांसाठी एकाच क्रमांकाखाली ठरवून दिली आहे, एक्स्क्लूजन ०३ (एक्स्क्लूजन म्हणजे विम्यातून वगळलेला खर्च). त्याच अटीत अपघाताला सूट आहे. पॉलिसी दसऱ्याला घेतली आणि दिवाळीच्या आधी डोळ्यात भुसकट गेलं, तर नुसत्या ‘एच १६.०’ वर क्लेम बसणार नाही. अपघाताची नोंद असेल तर बसतो. क्लेम फॉर्मचे दोन भाग असतात. ‘अ’ तुम्ही भरायचा, ‘ब’ दवाखान्यानं. ‘ब’ मध्ये मुख्य निदान, जोडीचं निदान, सहव्याधी यांचे आयसीडी कोड लिहायला जागा असते, खाली शस्त्रक्रियांचे कोड, आणि त्याच्यापुढे एक प्रश्न: भरती इजेमुळे का? हो किंवा नाही. वर अल्सरचा कोड, खाली ‘हो’, आणि सोबतच्या केसपेपरवर इजेचा उल्लेखच नाही, अशा फाइली परत येतात. तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट दिसली पाहिजे.

जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यांत, वाळूजच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडरची ठिणगी डोळ्यात जाणं नवं नाही. लोखंडाचा कण रुततो, एकदोन दिवसांत त्याच्याभोवती गंजाचं कडं धरतं. पोरगं शिफ्ट संपवून येतं, कण काढून घेतं, सुपरवायझरला सांगायचंही टाळतं. पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जात असेल तर ही टाळाटाळ महागात पडते. साध्या आजारपणाच्या रजेला ईएसआय मजुरीच्या ७० टक्के देते, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस, आणि त्याआधी ठरावीक दिवस वर्गणी भरलेली असावी लागते. कामावरच्या इजेला ९० टक्के, जोवर कामावर जाता येत नाही तोवर, आणि हा हक्क नोकरीला लागल्याच्या पहिल्या दिवसापासून असतो. नजर कायमची गेली तर हिशेब आणखी पुढे जातो: दुसरा डोळा चांगला असताना एका डोळ्याची दृष्टी जाणं ही कायद्याच्या परिशिष्टात ३० टक्के कमाईक्षमतेची हानी धरलेली आहे. हे सगळं मिळायला कारखान्याचा अपघात अहवाल आणि डॉक्टरांचं ‘कामावर असताना कण गेला’ हे वाक्य, दोन्ही लागतात. नुसत्या ‘केराटायटिस’वर तो आजारपणाच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

शेतकऱ्यांसाठीही असंच एक दार आहे, आणि ते फार कमी जणांना ठाऊक असतं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघातानं एक डोळा निकामी झाला तर १ लाख रुपये, दोन्ही डोळे गेले तर २ लाख. सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार आणि त्याच्या कुटुंबातला आणखी एक जण यांत धरतात, वय १० ते ७५. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. शब्द नीट वाचा: अपघातानं. व्रण, मग डाग, मग नजर गेली, अशी फाइल घेऊन गेलात तर तिथे बसलेला माणूस ती ‘आजार’ म्हणूनच वाचणार, त्याचा तरी काय दोष?

इथे एक स्पष्ट सांगते, कारण टेबलावर हे ऐकावं लागतं. “मॅडम, तुम्ही भुसकट लिहून टाका ना.” झालेलंच नसेल तर लिहायचं नाही. खोटी इजा लिहिणं ही फसवणूक आहे, त्यात दवाखानाही अडकतो आणि तुमची पॉलिसीही रद्द होऊ शकते. माझं म्हणणं इतकंच की जे खरोखर झालं ते पहिल्या दिवशी तोंडातून निघालं पाहिजे. आपल्याकडचे लोक डॉक्टरपुढे दुखणं सांगतात, कारण सांगत नाहीत. विचारलं नाही तर मुळीच नाही.

सरकारी योजनेत गाडी थोडी वेगळ्या रुळावर चालते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत योजना आता एकत्र राबवल्या जातात. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. पूर्वी फुले योजनेत पिवळं, केशरी रेशनकार्ड लागायचं. शुभ्र कार्डवाल्या शेतकऱ्यांना सवलत होती ती १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत, आणि मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यात होते. इथे दवाखान्याला पैसे मिळतात ते पॅकेजचे. बुबुळ प्रत्यारोपण, बुबुळाची फाटलेली जखम शिवणं, टेरिजियम काढून कलम लावणं, क्रॉसलिंकिंग (ते काय, हे पुढे केराटोकोनसमध्ये सांगते), यांची पॅकेजं ठरलेली आहेत, आणि त्यांत तपासण्या, औषधं, शस्त्रक्रिया, जेवण सगळं धरलेलं असतं. नियोजित उपचारांना आधी मंजुरी घ्यावी लागते. तिथे निदानाचा कोड आणि मागितलेलं पॅकेज जुळलं नाही की फाइल ‘क्वेरी’त जाते. निदान टेरिजियम आणि पॅकेज प्रत्यारोपणाचं, असं झालं तर कोणीही थांबवील. जास्त पाहण्यात येणारी क्वेरी मात्र फार साधी असते: कोणता डोळा? एका कागदावर उजवा, दुसऱ्यावर डावा, फोटोत तिसरंच. दवाखान्यातला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, यासाठीच बसलेला असतो. त्याच्यासमोर तुमचे कागद स्वतः एकदा वाचून घ्या. काही कळलं नाही तर १५५३८८ वर फोन लावा.

डोळा फुटला आहे, आयरिस बाहेर आली आहे, अशा वेळी कार्ड, मंजुरी यांची वाट बघत बसायचं नसतं. तातडीच्या रुग्णासाठी दवाखाना फोनवर मंजुरी घेऊ शकतो, कागद मागून जमा होतात. चुन्याचंही तसंच. तंबाखूबरोबरची चुन्याची पुडी पोरं खेळताना दाबतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात. कोडबिड नंतर, आधी जागच्या जागी, निदान वीस मिनिटं, स्वच्छ पाण्याची धार सोडायची, पापणी उलटून आत अडकलेला चुना धुऊन काढायचा, मग दवाखाना. चुन्यानं जळालेल्या बुबुळाला ‘डोळे आले’ म्हणून लिहिलेले कागदही येतात, एच १०. ते बघितलं की मला राग येतो.

आता आजारांच्या बाजूचा एक नमुना, कारण सगळ्यालाच भुसकट कारणीभूत नसतं. केराटोकोनस. पोरगं आठवी-नववीत असतं, डोळे सारखे चोळतं, दर सहा महिन्यांनी चष्म्याचा तिरका नंबर बदलतो. पडदा पातळ होऊन पुढे येत असतो. तो थांबवायला क्रॉसलिंकिंग करतात, सी३आर या नावानं लोकांना माहीत आहे: रिबोफ्लेविनचे थेंब आणि वरून अतिनील किरण. यात नंबर घालवायचा हेतू नसतो, पडदा आणखी सरकू नये इतकाच. पण कागदावर जर ‘ॲस्टिग्मॅटिझम’ असं मुख्य निदान पडलं, कोड एच ५२.२, तर विमा कंपनी लगेच एक्स्क्लूजन १५ काढते: साडेसात डायऑप्टरपेक्षा कमी नंबरासाठीच्या उपचाराचा खर्च मिळणार नाही. तिच्या बाजूनं ती बरोबर आहे, कारण तिला चष्म्याचा नंबरच दाखवलाय. निदान केराटोकोनस, एच १८.६, असं असलं आणि सोबत बुबुळाचा नकाशा म्हणजे टोपोग्राफी, जाडीची मोजणी, आणि सहा महिन्यांपूर्वीची तीच तपासणी असली, म्हणजे आजार वाढतोय हे दिसलं, तर ती अट लागूच होत नाही. पॉलिसी घ्यायच्या आधीपासून आजार होता का, हा प्रश्न मग उरतो. त्यासाठीची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येते. म्हणून पहिल्यांदा केराटोकोनसचं निदान कधी झालं ती तारीख दडवू नका आणि चुकीचीही पडू देऊ नका. “लहानपणापासून त्रास आहे” असं आई सहज बोलून जाते, आणि ते तसंच इंग्रजीत उतरतं.

नांदेड, लातूर, परभणीची बीएस्सी-बीफार्म झालेली कितीतरी मुलं हैदराबादला मेडिकल कोडिंग करतात, ती घरी काय काम करतो ते सांगू शकत नाहीत. ते हेच काम, फक्त बारकावा जास्त. अमेरिकेनं आयसीडीची स्वतःची वाढवलेली आवृत्ती १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केली, तिथे कोड सात अक्षरांपर्यंत जातो आणि डोळा कोडमध्येच लिहिलेला असतो. मधोमधचा अल्सर एच १६.०१; उजवा डोळा असेल तर एच १६.०११, डावा ०१२, दोन्ही ०१३. बुरशीचा अल्सर वेगळा, एच १६.०६. उजव्या बुबुळात कण: टी १५.०१ एक्स ए. शेवटचा ‘ए’ म्हणजे उपचार चालू आहेत, ‘डी’ म्हणजे पुढची तपासणी. डॉक्टरनं केलेल्या कामाला वेगळा कोड, त्याला सीपीटी म्हणतात: स्लिट लॅम्पखाली कण काढणं ६५२२२, पडद्याची जाडी मोजणं ७६५१४, पूर्ण जाडीचं प्रत्यारोपण ६५७३०, आणि रुग्णाच्या डोळ्यात मोतीबिंदूनंतरची लेन्स आधीच बसवलेली असेल तर तेच काम ६५७५५. आजाराचा कोड आणि कामाचा कोड यांची सांगड बसली नाही की पैसे नाकारले. बाह्यरुग्णात ‘बहुधा’, ‘शंका आहे’ असं लिहिलेला आजार कोड करायचा नाही, लक्षण कोड करायचं, असा तिथला नियम आहे, आणि तो मला फार आवडायचा. आपल्याकडे ‘? अल्सर’ असं लिहून पुढे पक्कं कधी करायचंच राहतं.

बिलावरची एक ओळ लोकांना खटकते. प्रत्यारोपण झालं, नेत्रदान तर फुकट असतं, मग बुबुळाचे पैसे कसले? मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. त्यानुसार बुबुळाची विक्री गुन्हा आहे, बिलावर बुबुळाची किंमत येऊच शकत नाही. येते ती नेत्रपेढीची प्रक्रिया: रक्ताच्या तपासण्या, साठवणुकीचं द्रावण, पेशींची मोजणी, वाहतूक. ओळ ‘टिश्यू प्रोसेसिंग’ अशी असायला हवी. ‘कॉर्निया’ म्हणून रक्कम टाकलेली दिसली तर बदलून मागा, विमा कंपनीही ती तशी धरत नाही. देशातल्या अंधत्वाचं सरकारी सर्वेक्षण २०१५ ते १९ या काळात झालं, त्यात पन्नाशीच्या आतल्या लोकांत बुबुळावरचा डाग हे अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण निघालं, ३७.५ टक्के. कमावत्या वयाचे लोक आहेत हे, म्हणून ही बिलं घराला इतकी जड जातात.

कॅशलेसमध्ये भरतीची मंजुरी तासाभरात आणि सुट्टीची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असं विमा नियामकानं मे २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे. त्या तीन तासांत तुमच्या हातात एकच काम असतं: डिस्चार्ज कार्ड वाचणं. डोळा कोणता, कशानं झालं, कधी झालं, निदानाचं नाव शस्त्रक्रियेच्या नावाशी जुळतं का. चूक दिसली तर तिथेच दुरुस्त करून डॉक्टरांची सही आणि तारीख घ्या. एकदा फाइल गेली की नंतरच्या दुरुस्तीकडे सगळेच संशयानं बघतात.

तरीही नाकारलंच, तर फोनवरचं उत्तर घेऊन बसू नका, कारण आणि अटीचा क्रमांक लेखी मागा. ०३ असेल तर पहिल्या दिवसाचा केसपेपर जोडा, १५ असेल तर टोपोग्राफी, जुन्या आजाराचं कारण असेल तर पहिल्या निदानाचा कागद. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करायचा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मराठवाड्यासाठी ते कार्यालय पुण्याला आहे. नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, फी नाही, वकीलही लागत नाही. अर्जाला केसपेपरची झेरॉक्स जोडाल तेव्हा पहिल्या पानाची जोडा. लोक शेवटचं बिल जोडतात, आणि जिथे भुसकट लिहिलेलं असतं ते पान घरी राहतं.